लाइन फॉलोअर एकटा नीट धावतो, अडथळा टाळायचा कोड जोडला की रेषा सोडतो

पाचवा_सेन्सर:

विद्यार्थी स्पर्धेसाठी स्वयंचलित बॉट करतोय, लाइन फॉलोअर, म्हणजे रेषा बघत आपणहून चालणारी छोटी गाडी. पांढऱ्या फ्लेक्सवर २५ मि.मी. रुंद काळी रेषा आहे. वाटेत काटकोनी वळणं, एक चौक, एके ठिकाणी ५ सें.मी. तुटलेली रेषा, आणि रेषेवर मधोमध ठेवलेला १५ सें.मी. बाजूचा खोका. खोक्याला न शिवता वळसा घालून पुन्हा रेषेवर यायचं आणि पुढे जायचं. ब्लूटूथ-वायफाय चालत नाही. एकदा बटण दाबलं की हात लावायचा नाही.

सामान: आर्डुइनो ऊनो (कोड चालवणारा बोर्ड), मोटर चालवायला एल२९८एन ड्रायव्हर, दोन पिवळ्या गिअर मोटर, मागे कॅस्टर (मोकळं फिरणारं चाक), पुढे काळं-पांढरं ओळखणारे टीसीआरटी५००० चे पाच सेन्सर (दोन सेन्सरमध्ये १५ मि.मी.), आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ अल्ट्रासॉनिक एसजी९० सर्व्होवर (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) बसवलेला, १८६५० चे दोन लिथियम सेल सिरीजमध्ये. बॉट २० सें.मी. लांब आणि १५ रुंद, सेन्सरपट्टी चाकांच्या आसापासून १२ सें.मी. पुढे, दोन चाकांमधलं अंतर १३. वेग साधारण ५० सें.मी. प्रति सेकंद. ड्रायव्हरच्या वेग ठरवणाऱ्या पिनांपैकी एनेबल ए (उजवी मोटर) ९ नंबरच्या पिनवर, एनेबल बी (डावी) ६ वर. सर्व्हो, सेन्सर, बोर्ड सगळं ड्रायव्हरवरच्या ५ व्होल्टवर.

अडचणी अशा:

१. नुसता रेषेचा कोड टाकला तर बॉट छान धावतो. अल्ट्रासॉनिकचं वाचन जोडलं की सरळ रेषेवरसुद्धा शेपूट हलवल्यासारखा डुलतो आणि वळणावर बाहेर जातो. समोर खोका नसतानाही.
२. सर्व्होची लायब्ररी (तयार कोड) जोडली की उजवी मोटर वेग बदलायचं सोडूनच देते. डावी ठीक चालते.
३. वळसा घालून रेषेवर येतो, पण निम्म्या वेळा उलट दिशेने, म्हणजे आला तिकडेच चालू लागतो.
४. बॅटरी नुकती चार्ज केलेली असेल तर वळसा बरोबर बसतो, अर्ध्या तासाने खोक्याला घासतो. वळणं 'डिले' देऊन, म्हणजे ठरावीक वेळ मोटर चालवून, केली आहेत.

सेन्सरचे आकडे दिसावेत म्हणून प्रत्येक लूपमध्ये (कोडच्या फेरीत) सीरियलवर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या वायरवर, एक ओळ छापतो, ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट) वेगाने. पीआयडी (रेषेपासूनच्या चुकीवरून मोटरचा वेग सतत दुरुस्त करायची पद्धत) लावायचा आहे, पण आधी हे सुटायला हवं.

---

टायमर२:

दुसरी अडचण आधी घेतो, ती दोन मिनिटांची आहे. ऊनोवर सर्व्हो लायब्ररी टायमर १ (चिपमधल्या घड्याळांपैकी एक) ताब्यात घेते आणि ९ व १० या पिनांचा पीडब्ल्यूएम (वीज भराभर चालू-बंद करून मोटरचा वेग ठरवणं, ० ते २५५) त्याच टायमरवर चालतो. सर्व्होची वायर कुठल्या पिनला लावली आहे याचा संबंध नाही, लायब्ररी जोडून सर्व्हो सुरू केला की ९-१० गेले. तुमची उजवी मोटर ९ वर आहे, म्हणून फक्त तीच रुसते. दोन्ही एनेबल ५ आणि ६ वर घ्या. ते दोघं टायमर ० वर आहेत, म्हणजे दोन्ही मोटरना सारखीच ९७६ हर्ट्झची वारंवारता मिळेल. आत्ता ६ वर ९७६ आणि ९ वर ४९० अशी खिचडी आहे, त्यामुळे सर्व्हो नसतानाही एकाच आकड्याला दोन मोटर वेगळा प्रतिसाद देत असतील. पुढे आयआर रिमोट किंवा बझरच्या टोनची भर घातलीत तर ३ आणि ११ वर हाच प्रकार होतो, तिथे टायमर २ जातो.

मुळात सर्व्हो हवाच कशाला? खोका रेषेवर मधोमध आहे, वळसा कुठल्या बाजूने घ्यायचा ते आधीच ठरवता येतं. सेन्सर सरळ समोर पक्का बसवा. सर्व्हो इकडे-तिकडे फिरवून 'कुठे जास्त जागा आहे' हे बघण्यात सेकंदभर जातो आणि तेवढा वेळ बॉट उभा.

आता पहिली अडचण. अंतर वाचायला पल्सइन (पिन किती वेळ वर राहिली ते मोजणारं आर्डुइनोचं फंक्शन) वापरत असणार. ते फंक्शन प्रतिध्वनी येईपर्यंत प्रोसेसरला जागेवर उभं करून ठेवतं. आणि गंमत म्हणजे समोर काहीच नसतं तेव्हाच ते सगळ्यात जास्त वेळ खातं. खोका २० सें.मी.वर असेल तर आवाज जाऊन-येऊन २० × ५८ म्हणजे ११६० मायक्रोसेकंद, दीड-दोन मिलिसेकंदात काम झालं. मैदान मोकळं असेल तर मात्र एचसी-एसआर०४ आपली इको पिन (प्रतिध्वनीचा वेळ सांगणारी) सुमारे ३८ मिलिसेकंद वर धरून ठेवतो, काही स्वस्त नकला त्याहून कितीतरी जास्त. ५० सें.मी. वेगाने ३८ मिलिसेकंदांत बॉट १.९ सें.मी. आंधळा जातो. तुमची रेषाच अडीच सें.मी.ची. खोका नसताना डुलतो तो म्हणूनच.

पल्सइनला तिसरा आकडा, टाइमआउट, द्या. तो दिला नाही तर तो पूर्ण एक सेकंद असतो. तुम्हाला ३० सें.मी.च्या पलीकडचं काही नको: ३० × ५८ = १७४०, त्यात ट्रिगरनंतर (मोजायला सांगणारा संकेत) इको वर जाईपर्यंतचे सुमारे ५०० मायक्रोसेकंद धरा, म्हणजे २५०० पुरे. शून्य आलं तर 'समोर मोकळं' समजा. आणि दर लूपला वाचू नका, मिलीज् (आर्डुइनोचं मिलिसेकंदांचं घड्याळ) बघून ६० मिलिसेकंदांनी एकदा वाचा. ही ६० ची शिस्त दोन कारणांसाठी: मागचा प्रतिध्वनी विरून जायला हवा, आणि टाइमआउटने तुम्ही लवकर बाहेर पडलात तरी सेन्सरची इको पिन अजून वरच असते. ती वर असताना ट्रिगर दिला तर सेन्सर दुर्लक्ष करतो किंवा पुढचं वाचन भलतंच येतं. म्हणून ट्रिगरआधी इको पिन खाली आहे का ते तपासा, नसेल तर ती फेरी सोडून द्या.

एवढं केलं की दर ६० मिलिसेकंदांत जास्तीत जास्त अडीच मिलिसेकंद जातात, म्हणजे सव्वा मिलिमीटर. ते चालतं. अजून नीट हवं असेल तर इको पिन २ वर घ्या आणि इंटरप्टमध्ये (पिन बदलताच आपोआप चालणारा कोड) चढ-उताराच्या वेळा मायक्रोज्‌ने (मायक्रोसेकंदांचं घड्याळ) टिपा, मग थांबणं शून्य.

आणि ते सीरियल प्रिंट! ९६०० बॉडला एक अक्षर जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. पाठवायचा बफर ६४ बाइटचा; तो भरला की प्रिंट थांबून राहतं. चाळीस अक्षरांची ओळ दर लूपला छापत असाल तर लूप चाळीस मिलिसेकंदांचा झालाच, अल्ट्रासॉनिक काढून टाकला तरी. वेग १,१५,२०० करा, दर वीस-पंचवीस लूपला एकदा छापा, आणि स्पर्धेच्या कोडमधून पूर्ण काढा. मात्र काढल्यावर पुन्हा ट्यूनिंग करावं लागेल. लूपचा वेळ बदलला की पीआयडीतल्या डी-चा (चूक किती वेगाने बदलतेय ते बघणारा भाग) परिणामही बदलतो.

---

सोल्डरचा_धूर:

चौथी अडचण कोडची नाही, पॉवरची आहे.

एल२९८ जुन्या पद्धतीचा, बायपोलर ट्रान्झिस्टरचा ड्रायव्हर. एक अँपिअरला त्याच्या आतच दोन व्होल्टच्या आसपास जातात. दोन सेल भरलेले असताना ८.४ व्होल्ट, म्हणजे मोटरला सहा-साडेसहा. सेल उतरून ७ वर आले की मोटरला पाचच्या आत-बाहेर. त्याच ४०० मिलिसेकंदांच्या डिलेत आधी ९० अंश वळणारा बॉट आता ७० वळतो आणि खोक्याला घासतो. डिले वाढवून हे सुटत नाही, कारण मग ताज्या बॅटरीवर तो ११० वळेल.

त्याऐवजी टीबी६६१२एफएनजी हा ड्रायव्हर लावा. तो मॉसफेटचा (वेगळ्या जातीचा ट्रान्झिस्टर) आहे, आत होणारी व्होल्टेजची घट नगण्य, प्रत्येक मोटरला सलग १.२ अँपिअर देतो. या मोटरना पुरेसं आहे. पण एक लक्षात ठेवा: आता पूर्ण ८.४ व्होल्ट मोटरवर जातील आणि मोटर आहे ६ ची. म्हणून पीडब्ल्यूएमला वरची हद्द घाला, २५५ × ६ ÷ ८.४, म्हणजे साधारण १८०.

दुसरं, सगळं ड्रायव्हरवरच्या ५ व्होल्टवर चालवताय ते बंद करा. एल२९८एन बोर्डवर सहसा ७८एम०५ (५ व्होल्ट तयार करणारी चिप) असतो, अर्ध्या अँपिअरचा. बोर्ड आणि सेन्सरचे पाच एलईडी तो सांभाळेल. सर्व्हो झटका मारतो तेव्हा मात्र ५ व्होल्ट खाली बसतात, त्याबरोबर सेन्सरचे आकडे हलतात, आणि फारच बसले तर ऊनो रीसेट होऊन बॉट मैदानात मधेच पहिल्यापासून सुरू होतो. सर्व्हो ठेवणारच असाल तर त्याला वेगळा ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा बोर्ड) द्या, ग्राउंड मात्र सगळ्यांचा एकच. ड्रायव्हरच्या सप्लायवर ४७० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि प्रत्येक मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, थेट मोटरवर सोल्डर करून. वायरच्या दुसऱ्या टोकाला लावलात तर अर्धा उपयोग गेला.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ती मोटरसाठी नाहीच.

---

गिअरबॉक्स:

तिसऱ्या अडचणीकडे कोणी वळलं नाही अजून. ती निव्वळ भूमितीची आहे. तुमचे आकडे दिलेले आहेत तेव्हा मांडूनच बघू.

आधी थांबायचं अंतर. दर ६० मिलिसेकंदांनी वाचन, म्हणजे दोन वाचनांत ३ सें.मी. एकाच वाचनावर विश्वास ठेवू नका, सलग दोन हवीत. सर्वांत वाईट परिस्थितीत ६ सें.मी. उशीर. त्यात थांबताना घसरण ३-४. झाले १०. मर्यादा १५ ठेवलीत तर खोक्यापासून कमीत कमी ५ सें.मी. आधी थांबाल. ५ पुरतात का? बॉट आसाभोवती जागेवर वळतो तेव्हा पुढचा कोपरा १२ च्या नाही, १४.२ च्या त्रिज्येने फिरतो (१२ आणि ७.५ चा कर्ण). म्हणजे कोपऱ्याला २.२ सें.मी. जास्त जागा लागते. ५ मध्ये बसतं. मर्यादा १२ ठेवलीत तर वळतानाच कोपरा खोक्याला लागेल. बहुतेक घासणी इथेच होतात आणि दोष मात्र वळशाला दिला जातो.

थांबायचं म्हणजे ब्रेक लावायचा. एनेबल खाली ओढला तर मोटर मोकळी घरंगळते. एनेबल वर ठेवून दोन्ही इनपुट सारखे केले की मोटर आवळली जाते. हा फरक दोन-तीन सें.मी.चा असतो.

आता वळसा. थांबल्यावर आस खोक्याच्या केंद्रापासून १२ + ७.५ + (५ ते ९), म्हणजे २४.५ ते २८.५ सें.मी.वर आहे. मग सोपा उपाय असा: डावीकडे जागेवर ९० अंश वळा आणि उजवीकडे झुकत अर्धवर्तुळ काढा, त्रिज्या २७. वर्तुळाचं केंद्र आपोआप खोक्याच्या आसपास येतं. खोक्याचा कोपरा केंद्रापासून १०.६, बॉटची अर्धी रुंदी ७.५, मिळून १८.१, म्हणजे २७ मध्ये जवळपास ९ सें.मी. मोकळी जागा राहते. आतल्या आणि बाहेरच्या चाकाच्या वेगाचं गुणोत्तर (२७ − ६.५) ÷ (२७ + ६.५), म्हणजे ०.६१. पीडब्ल्यूएमचं गुणोत्तर मात्र ०.६१ ठेवून भागणार नाही. या मोटर खालच्या पीडब्ल्यूएमला हलतच नाहीत, त्यामुळे आतलं चाक हिशेबापेक्षा हळू फिरतं आणि वर्तुळ आवळतं. ०.७ पासून सुरू करा आणि जमिनीवर खडूने वर्तुळ आखून जुळवा.

चौकोनी वळसा (डावीकडे, सरळ, उजवीकडे, सरळ, पुन्हा उजवीकडे) घेऊ नका. त्यात प्रत्येक कोपऱ्यावर कोनाची चूक साचत जाते. अर्धवर्तुळात शेवटी रेषाच तुम्हाला पकडते, पाच-सात अंश इकडे-तिकडे झाले तरी चालतं.

आता उलट दिशेचं कोडं. वळसा डावीकडून घेतलात तर बॉट रेषेच्या डाव्या बाजूने, रेषेला जवळपास आडवा येतो, तोंड उजवीकडे. पुढे जायचं तर त्याला डावीकडे वळायला हवं. म्हणजे पहिल्यांदा ज्या बाजूला वळलात त्याच बाजूला. तुमच्या कोडमध्ये रेषा दिसताच ताबा थेट रेषा-पाळणाऱ्या भागाकडे जात असणार. तो बघतो की डावीकडचा सेन्सर आधी काळा झाला की उजवीकडचा, आणि तिकडे वळतो. बॉट आडवा असताना कुठला आधी काळा होईल हा नुसता योगायोग. म्हणून निम्म्या वेळा उलटा.

करायचं असं: वळशात रेषा दिसली की लगेच वळू नका. अजून १२ सें.मी. सरळ जा, म्हणजे आस रेषेवर येईल. मग डावीकडे जागेवर वळत राहा, मधला सेन्सर काळा होईपर्यंत. तेव्हाच ताबा रेषेच्या कोडकडे. शिवाय वळताना मागची चूक आणि शेवटची बाजू शून्य करा, नाहीतर डी-चा पहिलाच झटका बॉटला रेषेबाहेर फेकतो.

वळशाच्या सुरुवातीला रेषेचे सेन्सर 'बहिरे' ठेवा. जागेवर वळताना ते आपलीच रेषा बघतात आणि कोडला वाटतं, आलो परत. अर्धवर्तुळ ८५ सें.मी. लांब आहे, पहिले ४० सें.मी. काही बघू नका. आणि मैदान मापून घ्या: बाहेरचा पुढचा कोपरा खोक्याच्या केंद्रापासून साडेछत्तीस सें.मी.पर्यंत जातो. तिथे मार्गाचीच दुसरी फांदी असेल तर बॉट तिला आपली समजेल. तसं असेल तर वळसा उजवीकडून घ्या.

---

टायमर२:

गिअरबॉक्सच्या हिशेबाशी सहमत, फक्त पहिलं ९० अंशांचं वळण डिलेवर सोडू नका. एमपीयू६०५० (वळण्याचा वेग मोजणारा जायरो सेन्सर) लावा. हिशेबाने बघा: चाक ३० सें.मी. वेगाने, अर्धं अंतर ६.५, म्हणजे जागेवरचं वळण सेकंदाला २६४ अंश होतं. जायरोची मूळ हद्द २५० ची असते, ती ओलांडली जाते आणि कोन कमी मोजला जातो. ५०० ची हद्द निवडा, मग ६५.५ ने भागलं की अंश प्रति सेकंद. सुरुवातीला बॉट स्थिर असताना ५०० वाचनांची सरासरी काढून ती वजा करा. तेवढा वेळ कोणी टेबलाला हात लावायचा नाही. जडत्वामुळे बॉट पुढे वाहतो, म्हणून ८० अंशांवरच ब्रेक.

---

गिअरबॉक्स:

जायरो चांगला, पण ऊनोवर त्याची किंमत मोजावी लागते. आयटूसी (जायरो ज्या दोन वायरींवर बोलतो ती) ए४ आणि ए५ वर आहे. अ‍ॅनालॉगला (काळं-पांढरं एवढंच नाही तर मधले आकडेही वाचायला) उरतात चार पिना आणि सेन्सर पाच. नॅनो घेतलात तर तीच चिप असूनही ए६ आणि ए७ जास्तीच्या मिळतात. ते फक्त अ‍ॅनालॉग वाचनालाच चालतात, इथे तेच हवंय. पाच सेन्सर ए० ते ए३ आणि ए६ वर, ए७ वर बॅटरीचा व्होल्टेज (१० किलोओहमच्या दोन रेझिस्टरच्या विभाजकातून, ८.४ चे ४.२ होतात). मग पीडब्ल्यूएमला ७.४ ÷ मोजलेला व्होल्टेज याने गुणलं की जायरोशिवायही वळण बरंच स्थिर राहतं. आधी तेवढं करून बघा.

---

पाचवा_सेन्सर:

एनेबल ५-६ वर नेल्यावर उजवी मोटर सुधारली. सर्व्हो काढला. टाइमआउट आणि ६० मिलिसेकंद घातले, छापणं काढलं, डुलणं जवळपास गेलं. उलट दिशेचंही सुटलं. बोर्ड नॅनो घेतोय.

दोन नव्या गोष्टी. रेषा तुटलेली आहे तिथे बॉट जागेवर गरगर फिरतो, कारण 'रेषा हरवली तर शेवटच्या बाजूला वळ' असं काटकोनासाठी लिहिलंय. ते काढलं तर काटकोन चुकतात. आणि चौकात कधी सरळ जातो, कधी डावीकडे वळतो. शिवाय वळणांवर मैदानाबाहेरच्या वस्तू अडथळा म्हणून दिसतात.

---

टायमर२:

आता सेन्सर अ‍ॅनालॉग वाचणार आहात तर स्थान काढा, दोन्ही उत्तरं त्यातच आहेत. प्रत्येक सेन्सर आधी ० ते १००० मध्ये आणा (पांढऱ्यावर ०, काळ्यावर १०००). मग सेन्सरांना ०, १०००, २०००, ३०००, ४००० असं वजन द्या: वजन गुणिले वाचन यांची बेरीज, भागिले वाचनांची बेरीज. मध्य २०००. हे चल लाँग (मोठा पूर्णांक) प्रकारचे हवेत. ऊनो-नॅनोवर इंट (साधा पूर्णांक) ३२,७६७ ला संपतो आणि ४००० × १००० चाळीस लाख होतात. इंट ठेवलात तर फक्त एका बाजूला वेड्यासारखं वळतं आणि कारण सापडत नाही. ५० च्या खालचं वाचन शून्य धरा. बेरीज २०० च्या खाली गेली की रेषा हरवली, तिथे भागाकार करू नका.

तुटलेली रेषा की काटकोन, हे हरवायच्या *आधीचं* स्थान सांगतं. १००० ते ३००० मध्ये असताना रेषा गेली तर ती तुटलेली आहे: दोन्ही मोटर सारख्या वेगाने, सरळ, जास्तीत जास्त १० सें.मी. (तुमच्या वेगाला ०.२ सेकंद). तेवढ्यात सापडली नाही तर मग शोधा. स्थान कडेला असताना गेली तर काटकोन, त्या बाजूला जागेवर वळा.

चौकाचं कारण वेगळं. बॉट दोन-तीन अंशांनीही तिरका असेल तर पट्टीची एक बाजू आडव्या रेषेवर आधी पोचते. पहिल्या वाचनात डावे तीन काळे, उजवे दोन पांढरे, म्हणजे अगदी डावीकडच्या काटकोनासारखं चित्र. कोड लगेच निकाल देतो. निकाल थांबवा. कडेचा सेन्सर काळा झाला की खूण करा, पुढच्या ३० मिलिसेकंदांत (दीड सें.मी.) कोणकोण काळं होतंय ते गोळा करत राहा, मग ठरवा. दोन्ही कडा काळ्या होऊन गेल्या तर चौक, सरळ जा. एकच कड काळी झाली आणि मग सगळं पांढरं झालं तर काटकोन. एकच कड काळी झाली पण मधला काळाच राहिला तर ती बाजूला फुटलेली फांदी आहे, तिचं काय करायचं ते नियमपुस्तकात बघा.

पीआयडीचे आकडे (केपी, केआय, केडी म्हणजे त्याच्या पी, आय, डी भागांचे गुणक): मूळ पीडब्ल्यूएम ११०, केपी ०.०५ पासून, केआय शून्यच ठेवा. केडी शून्य ठेवून केपी वाढवा, सरळ रेषेवर डुलायला लागला की थोडं मागे या. मग केडी केपीच्या दहापट घालून वाढवत न्या. डुलणं मरतं. मोटर गुरगुरू लागल्या, झटके देऊ लागल्या, की केडी जास्त झाला. लूप मायक्रोज्‌ने बांधून घ्या, २ मिलिसेकंदांचा. पाच अ‍ॅनालॉग वाचनांना जेमतेम ०.६ मिलिसेकंद लागतो, सवड आहे. आणि मोटरना उणे वेगाची मुभा द्या, आतलं चाक उलटं फिरू शकलं नाही तर आखूड वळण जमत नाही.

---

सोल्डरचा_धूर:

वळणावर बाहेरच्या वस्तू दिसतात कारण वळताना बॉटचं नाक रेषेच्या बाहेर रोखलेलं असतं. वळणावर वेग निम्मा करा आणि अडथळ्याची मर्यादाही वेगाशी बांधा. २५ सें.मी. वेगाला उशीर ३ सें.मी.चा, घसरण १-२ ची, कोपऱ्याचे २.२ धरले तरी ८ मध्ये बसतं. चुकीची दृश्यं बरीचशी १० ते १५ च्या पट्ट्यातली असतात, ती गळतात. वळणाच्या लगेच पुढे खोका ठेवला असेल तर तो तसाही उशिराच दिसणार, तिथेही हळू असण्याचा फायदा.

खोका कोनात ठेवला तर अल्ट्रासॉनिकचा आवाज गुळगुळीत बाजूवर आपटून भलतीकडे जातो आणि 'मोकळं' वाचन येतं. नियमात खोक्याची दिशा दिली नसेल तर व्हीएल५३एल०एक्स हा लेझरचा सेन्सर बरा. दोन सूचना: त्याच्या लायब्ररीतलं सलग वाचनाचं फंक्शनही मोजमाप होईपर्यंत थांबून राहतं, साधारण ३३ मिलिसेकंद. म्हणजे पल्सइनचीच गोष्ट मागच्या दाराने. आधी 'तयार आहे का' विचारून मगच वाचा. आणि दोन लावणार असाल तर दोघांचा पत्ता सारखाच असतो, एकाला एक्सशट पिनने झोपवून दुसऱ्याचा पत्ता बदलावा लागतो. मिट्ट काळ्या खोक्यावर त्याचा पल्ला कमी होतो, पण १५ सें.मी.ला काही फरक पडत नाही.

---

गिअरबॉक्स:

स्पर्धेच्या जागेसाठी राहिलेलं. टीसीआरटी५००० इन्फ्रारेडवर चालतो आणि उन्हात ते भरपूर असतं. खिडकीशेजारच्या पट्ट्यात पांढरं-काळं दोन्ही सारखंच दिसू लागतं. पट्टीभोवती काळ्या कागदाची झालर लावा, जमिनीपासून दोन मि.मी. वर. हा सेन्सर अडीच मि.मी.वर सर्वांत चांगला चालतो. बरेचदा तो जास्त उंचीवर बसवलेला दिसतो, तिथे शेजारच्या सेन्सरचा उजेडही मिसळतो. तुमचा ३ ते ५ च्या मध्ये ठेवा. कॅस्टरखाली वॉशर घालून उंची जुळवता येते.

घरी साठवलेलं कॅलिब्रेशन (सेन्सरचे काळ्या-पांढऱ्यावरचे आकडे) तिथे वापरू नका. सुरुवातीच्या बटणाला दोन कामं द्या: पहिल्या दाबात बॉट रेषेवर तीन-चार सेकंद जागेवर डावी-उजवीकडे डोलून प्रत्येक सेन्सरचा किमान-कमाल आकडा घेईल, दुसऱ्या दाबात धावेल. नियमात 'एकदाच बटण' असेल तर पहिला दाब रांगेत असतानाच, सरावाच्या तुकड्यावर. फ्लेक्स चकचकीत असतो, वरच्या दिव्याचा ठिपका जिथे पडतो तिथून एकदा सेन्सर फिरवून बघा. काळी रेषा मार्करने रंगवलेली असेल तरीही तपासा, काही शाया डोळ्याला काळ्या दिसतात पण इन्फ्रारेडला पांढऱ्यासारख्या.

टायर ओल्या फडक्याने पुसा, प्रत्येक धावेआधी. फ्लेक्सवरची धूळ बसली की ९० अंशांचं वळण ८० चं होतं, आणि जायरो नसेल तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. ब्लूटूथ मॉड्यूल नुसतं बंद ठेवू नका, काढूनच टाका. तपासणीत दिसलं की वाद होतो.

---

पाचवा_सेन्सर:

सेन्सर ११ मि.मी. वर होते. ४ वर आणले. काळ्या-पांढऱ्यातला फरक आधी २०० होता, आता ७०० च्या वर आहे, आणि चौकाचा गोंधळ ३० मिलिसेकंद थांबण्याआधीच अर्धा कमी झाला. वळशात आतल्या चाकाचं गुणोत्तर ०.६८ ला २७ ची त्रिज्या बसते. टीबी६६१२ उद्या सोल्डर करतोय, पीडब्ल्यूएमची हद्द १८० ठेवून.